एका गुडघ्याला एक

दाढ गेली ती गेली, पण जाताना दोन महिन्यांचं गुपितही उपटून बाहेर काढून गेली.

किशनरावांची ती उजवीकडची दाढ तीन वर्षं हलत होती आणि तीन वर्षं ते "पडंल आपसूक" म्हणत तिला जिभेनं खेळवत होते. शेवटी गुरुवारी सकाळी हरिओमनं आजोबांना मोटारसायकलवर बसवून हुमनाबादला नेलं. दाढ निघाली पाच मिनिटांत. रक्त थांबायला मात्र दोन तास लागले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन बोळे बदलले, चौथा दाबून बसवला आणि घरी सोडताना दोन गोष्टी बजावल्या. एक म्हणजे तासभर बोळा दातात घट्ट धरायचा, बोलायचं नाही. दुसरी, आजोबा घेतात ती एकूण एक गोळी ताटात मांडून फोटो पाठवायचा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे त्यांना माहीत होतं, पण एवढ्यावर दोन तास लागायला नकोत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बारा वाजता किशनराव निर्ण्याला घरी येऊन लोखंडी खाटेवर बसले. गाल फुगलेला, तोंड बंद, गळ्यात तुळशीची माळ. सोमवारी गावात सप्ताह बसायचा होता आणि पहिल्या पहाऱ्याची वीणा यंदाही त्यांच्याच गळ्यात पडायची होती. चव्वेचाळीस वर्षांचे माळकरी. त्यांच्यासमोर गावात कुणी अंड्याचं नाव काढायचं झालं तरी 'ते पांढरं' म्हणायचं.

त्यांच्या बायकोनं, गीताबाईंनी, पितळी ताट काढलं. बीपीची पांढरी, रक्ताची पिवळी, पोट साफ व्हायची तपकिरी, अशा एकेक गोळ्या मांडत गेल्या.

"नुसता नैवेद्य दाखवायचा ऱ्हायलाय," त्या लेकीला म्हणाल्या.

लेक म्हणजे रेणुका. बापाची दाढ काढली हे कळताच ती नौबादहून मिळेल त्या गाडीनं आली होती. माहेरात काही घडतंय आणि आपण तिथं नाही, हे तिला सासरी पाहुणे आलेले असतानाही सोसत नसे.

"झालं व्हय समदं?" हरिओमनं मोबाइल काढला.

दारात शिवप्रसाद पाय धूत होता. किशनरावांचा हा थोरला मुलगा, हरिओमचा बाप. त्याची बायको दानेश्वरी नेमकी याच आठवड्यात औरादला माहेरी गेली होती, म्हणून धारा काढण्यापासून चहापर्यंत सगळं त्याच्यावर आलं होतं आणि तो सकाळपासून धुमसत होता.

"थांब," तो म्हणाला. "शेतातल्या आखाड्यावर एक डबा हाय. कोनाड्यात, इळ्याच्या मागं. मला वाटलं म्हशीचं औषध हाय. पण म्हशीच्या औषधाचा डबा इतका झ्याक कशाला असतोय?"

खाटेवरून "हूं! हूं!" असा आवाज आला. किशनराव दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होते.

"बोलू नका," गीताबाई कडाडल्या. "रगत यील."

हरिओम गेला आणि अर्ध्या तासात डबा घेऊन आला. शुभ्र पांढरा, त्यावर उडी मारणारा रुपेरी मासा, आणि कोपऱ्यात चौकटीतली ती तांबडी खूण, जी बघून गीताबाई दुकानात बिस्किटाचा पुडासुद्धा विंचू धरल्यासारखा परत ठेवत.

"काय लिव्हलंय?" शिवप्रसादनं विचारलं.

हरिओमनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बायकोच्या कंपनीचं नाव दिसल्यावर त्याचा आवाज बारीक झाला. "माशाचं तेल हाय, बाबा. कोळारच्या कंपनीचं. स्नेहाच्या."

"अगं बाई! माळकऱ्याच्या घरात मासा!" रेणुकानं कपाळावर हात मारला. "म्या लग्नातच म्हणलं व्हतं, गोळ्याच्या कारखान्यातली पोरगी करू नगा. अप्पाला इचारली न सांगितली, तोंडात घातली! बघू तरी डबा."

तिनं डबा हातात घेतला आणि तिचं तोंड जे मिटलं ते मिटलंच.

कारण असाच डबा तिच्या पर्समध्ये होता. तोच मासा, तीच उडी. पावसाळ्यात बिदरच्या डॉक्टरांनी तिच्या रक्तात चरबी भरमसाट वाढल्याचं सांगून हे तेल लिहून दिलं होतं, आणि दुकानातून मागताना कुणी बघेल म्हणून तिनंच भाचसुनेला गळ घातली होती, की तुमच्याकडचं आण, पण निर्ण्याला कळू देऊ नको. स्नेहानं चार महिने अवाक्षर काढलं नव्हतं. आणि आपण आत्ता काय बोललो? रेणुकानं पर्स हळूच मांडीखाली सरकवली. तिला खरोखर लाज वाटली, पण लाज वाटणं आणि खरं बोलणं यांच्यामध्ये तिच्याकडे नेहमीच बरंच अंतर असे.

"अक्का, गप कामून झालीस?" शिवप्रसाद म्हणाला.

"न्हाई, म्हंजे... औषधाला काय जात असती का?"

"आत्ता तर कपाळ बडवायलीस!"

"डास व्हता," रेणुका म्हणाली.

स्नेहा साडेपाचच्या बसनं फाट्यावर उतरून चालत घरी आली, तेव्हा ओसरीवर दरबार भरला होता. भजनी मंडळाचे म्होरके श्रीपतराव दाढेची चौकशी करायला म्हणून आले होते आणि दाढेपेक्षा चांगलं काही सापडल्यानं ठाण मांडून बसले होते. मधोमध ताट. ताटात गोळ्या. गोळ्यांच्या मधोमध डबा.

तिला सगळं कळलं. तिनं आधी अप्पांच्या गालाकडे बघितलं, मग डब्याकडे, मग गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढून मुठीत धरलं. उद्या, शुक्रवारी दहा वाजता, तिला कायम झाल्याच्या कागदावर सही करायची होती. दीड वर्ष तिनं कंपनीच्या प्रयोगशाळेत बाहेरून पिंपांत येणारं तेल तपासलं होतं, शिळं किती झालंय, खवट किती झालंय. तिला ते काम मनापासून आवडत होतं. घरी तसं बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण सासऱ्यांना तिनं नोकरी सोडलेली हवी होती आणि ते फक्त निमित्त शोधत होते.

"हे तूच आणलीस?" शिवप्रसादनं विचारलं.

"व्हय, मामा."

"कशाचं असतंय हे?"

"थंड समुद्रातल्या बारक्या माशांचं. तारलीसारख्या." विचारलं की नीट सांगायचं, ही तिची खोड होती. "पयल्यांदा तिकडं उत्तरेत कोळी लोक माशाच्या लिव्हरचं तेल काढायचे. लेकरांची हाडं वाकायची, मुडदूस व्हायचा, त्यावर पाजायचे. ते येगळं, हे येगळं. ह्यात..."

"थांब थांब," श्रीपतराव पुढे सरकले. "पिवळं? नाकाला झोंबणारं? आमाला शाळेत एक नर्सबाई चमच्यानं पाजायची! नाक दाबून! मी मोप प्यालोय ते." मग भोवतीच्या नजरा बघून त्यांनी घाईनं जोडलं, "तवा माळ न्हवती."

"ह्यानं गुडघा बरा हुतोय?" गीताबाईंनी विचारलं. किशनरावांचे गुडघे दोन महिन्यांत सुधारले होते हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. आधी देवळाची पायरी चढताना ते खांब धरत, आता खांबाकडे बघतसुद्धा नसत.

"तसं कुणी छातीठोक सांगत न्हाई, आजी. काहीजणांना संधिवातात थोडा फरक वाटतोय. रक्तात चरबी लई असंल तर डॉक्टर मोठा डोस देतात, त्याचा उपेग हुतोय. पण धडधाकट माणसानं खाल्लं म्हणून हार्ट अटॅक टळतोच असं न्हाई. आन जास्त घेतलं तर काहीजणांच्या काळजाचे ठोके बिघडतात. रक्त पातळ करायची गोळी आधीच चालू असंल तर डॉक्टरला इचारल्याबिगर..." ती थांबली. "इचारा म्हणून सांगितलं व्हतं. इचारलं म्हणले. मी खरं धरले. ती चूक माझीच हाय. मी स्वतः डॉक्टरला फोन करायला पायजे व्हता."

"एवढ्या लंब्या गोष्टी सांगायलीस," शिवप्रसाद म्हणाला, "आता एक बारकी सांग. हे माशाचं हाय म्हणून अप्पाला सांगितलीस का न्हाई?"

गोठ्याच्या कडेला कोंबडी फडफडली तीही ऐकू आली. कोंबडी शेजारच्या ईरण्णाची.

स्नेहानं किशनरावांकडे पाहिलं. किशनराव छताकडे पाहत होते.

"ते मी सांगू शकत न्हाई, मामा."

"कामून?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

"बाबा, ती कारण असल्याबिगर..." हरिओमनं तोंड उघडलं.

"तू मधी बोलू नको." शिवप्रसादचा आवाज चढला, पण त्याच्या पोटात राग कमी आणि भीती जास्त होती. त्याचा धाकटा भाऊ प्रशांतकुमार असंच एक कार्ड गळ्यात अडकवून पुण्याला गेला होता. पहिल्या वर्षी सहा वेळा आला, मग तीन वेळा, आता लग्नकार्याला पाहुण्यासारखा येतो आणि पाणी मागून पितो. ही पोरगी कायम झाली की आज नाही उद्या बिदरला खोली करणार, हरिओम तिच्या मागे जाणार, आणि आपण दोघं नवराबायको म्हशीकडे बघत बसणार. हे त्याला कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणून तो म्हणाला, "म्हंजे न्हाई सांगितलीस. फसवून खाऊ घातलीस. श्रीपतकाका, तुमीच सांगा, माळ बाटली का न्हाई?"

"बाटली तर खरीच," श्रीपतराव दाढी खाजवत म्हणाले. "पण नकळत झालं तर माणसाकडं दोष न्हाई. वीणेलाबी अडचण न्हाई. ज्यानं फसवलं, त्याच्याकडं दोष."

"झालं तर मग. उद्या सही न्हाई न काही न्हाई. फोन कर आन सांग, येत न्हाई म्हणून."

स्नेहाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. कार्डाची दोरी बोटाला गुंडाळत ती खाटेकडे पाहत राहिली.

खाटेवर किशनरावांची स्थिती फार वाईट होती. रक्त कधीच थांबलं होतं. डॉक्टरीणबाईंचा तास संपून पाच तास झाले होते. तरी त्यांनी बोळा सोडला नव्हता, कारण तो बोळा नव्हताच आता, ते कुलूप होतं. नकळत झालं तर दोष नाही, श्रीपतरावांनी स्वतः सांगितलं. वीणा शाबूत. गावात मान शाबूत. फक्त आणखी थोडा वेळ दात आवळून बसायचं.

पण समोर ती पोरगी बसली होती. दिवाळीनंतर एकदा तिच्या पिशवीतून असाच डबा पडून सोनेरी गोळ्या सांडल्या होत्या. कुणासाठी म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. त्यांनीच उचलून विचारलं होतं, हे सोन्यासारखं काय गं? ती म्हणाली होती, "अप्पा, मासा हाय यात, तुमाला चालायचं न्हाई." आणि मासा म्हटल्यावर किशनरावांच्या छातीत कुठंतरी नऊ वर्षांचं पोर जागं झालं होतं. त्या पोराला दमा होता. मृगाच्या दिवशी चुलत्यानं त्याला हैदराबादला नेलं, मैलभर रांगेत उभं केलं, आणि तोंडात औषध भरलेला बोटाएवढा जिवंत मासा घशाखाली ढकलायला लावला. न खाणाऱ्यांना तेच औषध गुळातून देत होते. पण चुलता म्हणाला, गुळानं काय हुतंय. तो मासा पोटात शेपूट हलवत गेल्याचं त्यांना अजून आठवत होतं, आणि दमाही गेला होता. माळ नंतर आली, पण मासा आपल्याला मानवतो ही खात्री तिच्याही आधीची होती.

"माझ्या गळ्याची आण घे, कुणाला सांगायचं न्हाई," त्यांनीच तिला म्हटलं होतं.

"ओ," गीताबाईंचा आवाज आला. "किती वाजले?"

किशनरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळलं.

"सहा वाजले. ती बाई तासभर म्हणली व्हती." गीताबाई उठल्या, मधल्या दाराशी गेल्या आणि भिंतीतल्या लाकडी खुंटीवर बोट ठेवलं. "शिवप्रसाद, मी कवाधरनं बघायले, बोलायले न्हाई. दोन महिने झाले, हे रोज सक्काळी आंघूळ करून माळ काढतेत, ह्या खुंटीला अडकवतेत, आन आखाड्यावर जातेत. तासानं येतेत, चूळ भरतेत, परत घालतेत. इचारलं तर म्हणले, घामानं खराब हुतीया. आरं, चाळीस वर्षं नांगर धरला तवा काय घाम येत न्हवता?"

"ज्याला आत काय हाय ते ठावंच न्हाई," गीताबाई म्हणाल्या, "तो माळ कामून काढतोय?"

श्रीपतरावांनी दाढी खाजवायचं थांबवलं. शिवप्रसादनं बापाकडे पाहिलं. रेणुकानं तर दोन्ही हात तोंडावर घेतले, पण ते हसू दाबायला.

किशनरावांनी दोन बोटं तोंडात घातली आणि बोळा काढून ताटात ठेवला. त्याला नवं रक्त नव्हतं. दुपारचाच डाग वाळून तपकिरी झाला होता.

"पोरीनं सांगितलं व्हतं," ते म्हणाले. इतक्या तासांनी आवाज घोगरा निघाला. "पयल्याच दिवशी. मासा हाय म्हणली. डॉक्टरला इचारा म्हणली. रोज एकच घ्या म्हणली. म्या डॉक्टरला इचारलो न्हाई, आन इचारलो म्हणून थाप मारली. पयला डबा सरला तर हरवला म्हणून दुसरा आणायला लावला."

"अप्पा!" स्नेहा ताडकन उठली. "म्हंजे किती घेतलाव रोज?"

"दोन."

"दोन कामून?"

"गुडघे दोन हायत ना," किशनराव म्हणाले. "एका गुडघ्याला एक."

आधी रेणुका फुटली. मग हरिओम भिंतीकडे तोंड करून खदखदायला लागला. स्नेहा रडत होती ती तशीच हसायला लागली आणि तिचं तिलाच कळेना काय करावं.

"हसू नगा," किशनराव ओरडले, मग स्वतःच ओशाळले. "श्रीपतराव, नकळत न्हाई झालेलं. समजून उमजून झालंय. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घाला. मला वाईट वाटायलंय, लई वाईट वाटायलंय, पण घाला."

श्रीपतरावांनी चेहरा गंभीर केला. मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "फरक पडला का पण?"

"काका!" शिवप्रसाद म्हणाला.

"आरं इचारून ठिवावं माणसानं." मग त्यांनी निवाडा दिला. यंदा वीणा नाही. सातही दिवस देवळात झाडलोट. पुढच्या एकादशीला माळ नव्यानं घालायची, आणि तोवर गळा मोकळा.

किशनरावांनी मान डोलावली. मग ते लेकाकडे वळले.

"शिवप्रसाद, आता माझं ऐक. हिची नोकरी मोडायची येळ आली, माझं नाव हिच्या व्हटावर व्हतं. तरी ती बोलली न्हाई. उद्या ती सहीला जाणार. तुला ती बिदरला जाईल म्हणून भ्या वाटतंय, मला ठावं हाय. प्रशांतच्या वक्ताला मलाबी वाटलं व्हतं. म्या त्याच्याशी भांडलो, म्हणून तो गेला तो लांबच गेला."

शिवप्रसाद ताटातल्या गोळ्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिला. शेवटी म्हणाला, "साडेआठची बस भरून येती. आठच्या गाडीनं जा, बसायला मिळंल."

त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं. स्नेहाला ते कळलं. तिनं खाली वाकून ताट उचललं.

"थांब," रेणुका म्हणाली. तिनं मांडीखालची पर्स ओढली, तिचा डबा काढला आणि फोटोत यावा अशा बेतानं ताटात ठेवला. "माझाबी हाय. डॉक्टरनं लिव्हून दिलेला. माझ्यासाठीच आणीत व्हती ती. डास न्हवता, शिवप्रसाद."

गीताबाईंनी लेकीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि नवऱ्याच्या गळ्यातली माळ काढून घेतली. डोळ्यांना लावली आणि नेऊन खुंटीला अडकवली.

"एकादशीपस्तोर हितंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "खुंटीला सवय हाय."

सकाळी पावणेआठला स्नेहा जेवणाचा डबा पिशवीत घालून निघाली. भाकरीबरोबर गीताबाईंनी जवसाची चटणी दिली होती. जवसातही तसलंच तेल असतं असं रात्री स्नेहाकडून कळल्यापासून गीताबाईंना एकदम मोठं झाल्यासारखं वाटत होतं. पण पोटात गेल्यावर त्यातलं फार थोडंच माशाच्या तेलासारखं बनतं, हेही स्नेहानं सांगितलं होतं. तेवढं त्यांनी ऐकलं नाही.

फाटकाशी किशनराव उभे होते. पायांत वहाणा, गळा मोकळा, त्यामुळे जरा कमी कपडे घातल्यासारखे दिसणारे.

"कुठं निघालाव, अप्पा?"

"फाट्यापस्तोर येतो. आता आखाड्यावर काय काम हाय माझं?"

दोघं चालायला लागले. तुरीच्या कडेनं वाट होती. किशनराव तिच्या बरोबरीनं चालत होते, न थांबता, न धापता.

"एक इचारू का? खरं सांगशील?" ते थोड्या वेळानं म्हणाले. "आता ते तेल बंद. डॉक्टरीणबाईबी बंद करा म्हणली. मग गुडघे परत धरतील का गं?"

स्नेहा विचारात पडली. "आखाडा घरापासनं किती लांब हाय, अप्पा?"

"मैलभर. कामून?"

"आन त्याच्या आधी सकाळी किती चालत व्हताव?"

"आधी? आधी खाटेवर बसून च्या प्यायचो."

"दोन महिने रोज मैल जाणं, मैल येणं. चोरून गोळी खायला." ती हसली. "छातीठोक न्हाई सांगत. पण मला तर वाटतंय, गुडघे गोळीनं न्हाई, चोरीनं बरे झालेत."

किशनराव वाटेतच थांबले. पाठीमागे घर, पुढे फाटा, आणि मध्ये ते, चव्वेचाळीस वर्षांची माळ आणि यंदाची वीणा घालवून. त्यांनी एकदा उजव्या गुडघ्याकडे पाहिलं, एकदा डाव्या.

"म्हंजे मासा फुकट गेला म्हण," ते म्हणाले.

मग बस दिसली, आणि तिला वेळेवर पोचवायला ते तिच्याही पुढे निघाले.